चंदनाचा टिळा आणि पेत्राचे आसन

१

डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईला आले. निमित्त आंतरराष्ट्रीय ख्रिस्तप्रसाद परिषदेचे होते आणि मुख्य सोहळा ओव्हल मैदानावर होता. भारताच्या भूमीवर पाय ठेवणारे ते पहिले पोप. ३ डिसेंबर रोजी अन्य धर्मांच्या प्रतिनिधींपुढे बोलताना त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातील सुप्रसिद्ध प्रार्थनेचा आदराने उल्लेख केला. रोमच्या पीठावरील धर्माध्यक्षाने उपनिषदाचा असा जाहीर आधार घ्यावा, ही घटना त्या काळी अनेकांना आश्वासक वाटली; काहींना मात्र तिने अस्वस्थ केले. पुढे साडेदहा वर्षांनी, जून १९७५ मध्ये, त्याच पोपच्या कारकिर्दीत रोमहून भारतीय बिशपांना एक पत्र आले. पवित्र मिस्साविधीत बायबलबाह्य धर्मग्रंथांचे वाचन थांबवावे आणि प्रयोगादाखल वापरली जाणारी भारतीय पद्धतीची ख्रिस्तप्रसाद-प्रार्थना बंद करावी, असा त्याचा आशय होता. पत्रावर स्वाक्षरी करणारे कार्डिनल जेम्स नॉक्स हे पूर्वी दहा वर्षे पोपचे राजप्रतिनिधी म्हणून दिल्लीत राहिलेले गृहस्थ होते, हेही येथे नमूद करण्याजोगे आहे.

या दोन घटनांत विसंगती आहे काय? काटेकोरपणे पाहिले तर नाही. सभेत केलेले भाषण वेगळे आणि वेदीवरील विधी वेगळा. परंतु सामान्य श्रद्धावान माणूस असा काटेकोर भेद करून जगत नाही. पोपने जे मुंबईत उच्चारले ते बंगळूरच्या धर्मगुरूने वेदीजवळ वाचले, तर त्यात प्रमाद कोणाचा? वाचणाऱ्याचा, त्याला न अडवणाऱ्या बिशपचा, की आपल्या उदाहरणाने दार किलकिले करणाऱ्या परमगुरुस्वामींचा? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक परंपरावाद्यांमध्ये जो दीर्घ आणि अनेकदा कटू वाद चालू आहे, त्याचे मर्म याच प्रश्नात आहे. हा वाद फ्रान्स, इटली वा अमेरिकेतील मूठभर लॅटिनप्रेमींचा घरगुती तंटा आहे, अशी आपल्याकडील वाचकाची समजूत असण्याचा संभव आहे. वस्तुतः गोवा, वसई आणि मुंबई या पट्ट्याने हा प्रश्न चार शतके अनुभवलेला आहे. आणि मराठी भाषा त्यात साक्षीदार म्हणून नव्हे, तर पक्षकार म्हणून उभी आहे. प्रस्तुत निबंधाचा हेतू तो इतिहास थोडक्यात मांडण्याचा आणि त्यातून उत्तरदायित्वाच्या प्रश्नावर काही प्रकाश पडतो का, हे पाहण्याचा आहे.

२

प्रथम वादाचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. ४ डिसेंबर १९६३ रोजी व्हॅटिकन परिषदेने उपासनेसंबंधीचा आपला दस्तऐवज संमत केला. त्याचा मजकूर आज कोणी नव्याने वाचील तर त्याला आश्चर्य वाटेल. लॅटिन विधींत लॅटिन भाषेचा वापर कायम राखावा, असे तो सांगतो. मात्र लोकभाषांना अधिक वाव देण्याची मुभाही देतो. निरनिराळ्या लोकसमूहांच्या परंपरांतून उपासनेत योग्य ते स्वीकारण्याची वाट तो मोकळी करतो. त्याच वेळी कोणाही व्यक्तीने, मग तो धर्मगुरू का असेना, विधीत स्वतःच्या अधिकारात काहीही वाढवू, वगळू वा बदलू नये, असे बजावतो. धर्मगुरूने लोकांकडे तोंड करून मिस्सा अर्पावी, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. प्रत्यक्षात मात्र पुढील सहा-सात वर्षांत लॅटिन जवळजवळ लुप्त झाली, वेदी फिरली आणि अनेक देशांत धर्मगुरूंच्या लहरीप्रमाणे विधी बदलू लागले. ३ एप्रिल १९६९ रोजी पोप सहावे पॉल यांनी नवा मिस्सा-ग्रंथ जाहीर केला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कार्डिनल ओत्ताव्हियानी आणि कार्डिनल बाच्ची यांनी त्यावरील एक कठोर टीकालेख थेट पोपकडे सादर केला.

येथून परंपरावाद्यांत तीन भूमिका स्पष्ट होत गेल्या. पहिली अशी की, पोप निर्दोष आहेत. दोष त्यांच्या भोवतीच्या कारभाऱ्यांचा आणि खालच्या बिशपांचा. आपल्याकडे नारायणराव पेशव्यांच्या वधासंबंधी ‘ध’चा ‘मा’ केल्याची जी आख्यायिका आहे, तिच्याच जातीचे हे स्पष्टीकरण होय: वरून आज्ञा वेगळी निघाली, वाटेत कोणी अक्षर फिरवले. नव्या विधीच्या रचनेचे सूत्रधार आनीबाले बुन्यीनी यांच्यावर या पक्षाचा सर्व रोष राहिला. दुसरी भूमिका अशी की, पोप हे खरेच पोप आहेत, परंतु त्यांनी ज्याला संमती दिली, ज्याकडे डोळेझाक केली, त्याची जबाबदारी त्यांचीच. म्हणून त्यांना मानावे आणि त्यांच्या हानिकारक आज्ञांना विरोधही करावा. आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी १९७० मध्ये स्थापन केलेल्या दहावे पायस बंधुसंघाची ही भूमिका. ३० जून १९८८ रोजी त्यांनी रोमच्या संमतीविना चार बिशपांना दीक्षा दिली आणि ते बहिष्कृत ठरले. तिसरी भूमिका टोकाची: ज्याने असे घडू दिले तो पोप असूच शकत नाही, पेत्राचे आसन रिकामे आहे.

तर्काच्या दृष्टीने पाहता पहिली भूमिका पोपला वाचवते, पण त्याला दुबळा वा अनभिज्ञ ठरवते. तिसरी भूमिका पोपपदाची प्रतिष्ठा इतकी उंचावर नेते की कोणीही हाडामांसाचा मनुष्य तिथे बसूच शकत नाही. दुसरी भूमिका सर्वांत अस्वस्थ करणारी. कारण ती आज्ञापालन आणि विवेक यांना एकाच घरात नांदायला सांगते. तिन्ही पक्ष इतिहासाचा आधार घेतात. अंत्युखियात पौलाने पेत्राला तोंडावर दोष दिला, हे गलतीकरांस पत्रात नमूद आहे. सातव्या शतकातील पोप होनोरियस यांचा कॉन्स्टँटिनोपलच्या तिसऱ्या परिषदेने (६८०–६८१) मृत्यूनंतर निषेध केला. पोप पाचवे पायस यांनी १५७० मध्ये मिस्सा-ग्रंथ कायमस्वरूपी लागू केला होता. मग एका पोपचे ‘कायम’ दुसऱ्या पोपला बांधते काय? हे युरोपातले दाखले झाले. आता आपल्या दाराशी येऊ.

३

१६१६ मध्ये गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या काव्याची भाषिक योग्यता मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी वेळोवेळी सांगितली आहे. तिची पुनरुक्ती येथे नको. उपासनेच्या दृष्टीने लक्षात घ्यायची गोष्ट अशी की, हे पुराण केवळ घरी बसून वाचण्यासाठी नव्हते. रविवारी आणि सणावारी धर्मशिक्षणानंतर ते चर्चमध्ये वाचले जावे, अशी त्याच्यामागील योजना होती. मिस्सा लॅटिन, पण तिच्या अंगणात मराठी ओवी, अशी ही रचना होती. १६२९ मध्ये एत्येन द ला क्र्वा या फ्रेंच जेझुइटाने प्रेषित पेत्राच्या चरित्रावर मराठीत विस्तृत काव्य प्रसिद्ध केले. ज्या पेत्राच्या आसनावरून हा सर्व वाद चालतो, त्याचे चरित्र मराठी छंदात इतक्या लवकर अवतरले, ही गोष्ट आपल्या विस्मृतीत गेली आहे.

स्टीफन्स यांचे निधन १६१९ मध्ये झाले. त्याच वर्षी गोव्यात एक महत्त्वाची धर्मसभा भरली. मदुराईत १६०६ पासून काम करणारे इटालियन जेझुइट रोबेर्तो द नोबिली यांनी ब्राह्मण संन्याशाची राहणी स्वीकारली होती. आपल्या नवख्रिस्ती शिष्यांना यज्ञोपवीत, शेंडी, स्नान आणि कपाळावरचे चंदन ठेवू द्यावे, ही चिन्हे धार्मिक नसून सामाजिक आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. गोव्याचे आर्चबिशप क्रिस्तोव्हाव द सा यांना हे अमान्य होते. दोन्ही बाजू मांडल्या गेल्या आणि प्रकरण रोमला गेले. ३१ जानेवारी १६२३ रोजी पोप पंधरावे ग्रेगरी यांनी, अंधश्रद्धेचा अंश वगळण्याच्या अटीवर, द नोबिलींच्या बाजूने निर्णय दिला.

परंतु निर्णय तेथे थांबला नाही. १७०४ मध्ये पोपचे प्रतिनिधी शार्ल द तूर्नों यांनी पाँडिचेरीत यांपैकी अनेक प्रथांवर बंदी घातली. पुढील चाळीस वर्षे तक्रारी, खुलासे, विलंब आणि पळवाटा यांत गेली. १७४४ मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी बंदी पक्की केली. येथे काम करणाऱ्या प्रत्येक मिशनऱ्याला तशी शपथ घ्यावी लागू लागली. ही शपथ १९४० मध्ये, पोप बारावे पायस यांच्या काळात, रद्द झाली. म्हणजे एका पोपने जे मान्य केले ते दुसऱ्याने निषिद्ध केले आणि तिसऱ्याने त्या निषेधाची शपथ मागे घेतली. दरम्यान तीनशे सतरा वर्षे उलटली. या काळात चंदन बदलले नव्हते.

गोव्यात तर लौकिक सत्ता धार्मिक सत्तेच्या बरोबरीने उतरली होती. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय आल्व्होरचे काउंट यांनी फर्मान काढले की, तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून लोकांनी पोर्तुगीज बोलावी. १७३६ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने जाहीरनाम्याद्वारे ख्रिस्ती घरांतील देशी चालीरीतींवर बंदी आणली. त्यात लग्नाच्या प्रसंगी स्त्रिया गात त्या ओव्यांचाही समावेश होता. ज्या छंदात स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा सांगितली, चर्चच्या परवानगीने छापली आणि चर्चमध्ये वाचावी म्हणून दिली, तोच छंद सव्वाशे वर्षांच्या आत ख्रिस्ती स्त्रीच्या ओठांवर अपराध ठरला. येथे ‘परंपरा’ म्हणजे नेमके काय? १६१६ ची की १७३६ ची? परंपरावादी आणि सुधारणावादी या दोघांनीही हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा; कारण दोघेही बहुधा आपल्याला सोयीच्या शतकाशी येऊन थांबतात.

४

पोपच्या आज्ञेला विरोध करताना स्वतःला अधिक निष्ठावान कॅथलिक समजणे, हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील चर्चवर जो आश्रयाधिकार मिळाला होता, त्याला ‘पाद्रोआदो’ म्हणत. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यानंतर पोर्तुगीज सत्ता गेली, पण साष्टी-वसईतील देशी धर्मगुरू आणि त्यांचे गोव्याशी असलेले नाते मराठी अमलातही टिकून राहिले. दुसरीकडे मुंबई बेटात १७२० पासून रोमच्या प्रोपगंडा मंडळाने नेमलेले कार्मेलाइट धर्मगुरू होते. २४ एप्रिल १८३८ रोजी पोप सोळावे ग्रेगरी यांनी पाद्रोआदोचा अधिकार मोठ्या प्रमाणावर काढून घेतला. गोव्याच्या पक्षाने ही आज्ञा मानली नाही. आज्ञापत्र खरे नाही, पोपची दिशाभूल झाली आहे, राजाच्या संमतीविना ते लागूच होत नाही, असे युक्तिवाद झाले. एकशे तीस वर्षांनी युरोपातील परंपरावाद्यांनी जे म्हटले, त्याचा जवळजवळ प्रत्येक शब्द या युक्तिवादात आधीच आलेला आहे.

हा तंटा कागदावरच राहिला नाही. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकेल चर्चवर कोणाचा ताबा, यावरून बिशप अनास्तासियुस हार्टमान आणि पाद्रोआदोचे समर्थक समोरासमोर आले. हार्टमान आपल्या अनुयायांसह चर्चमध्ये बसले; हुतात्मा होऊ, पण चर्च सोडणार नाही, असा त्यांचा निर्धार होता. बाहेरच्यांनी वेढा घालून अन्नसामग्री अडवली. पंधरा दिवसांनी मुलकी अधिकाऱ्यांनी हस्तक्षेप केला आणि चर्च पाद्रोआदोकडे गेले. दोन्ही बाजू रोज तीच लॅटिन प्रार्थना म्हणत होत्या, दोन्ही बाजू त्याच पोपचे नाव मिस्सात घेत होत्या. विधीच्या एकाही शब्दावर मतभेद नसतानाही वेढा पडू शकतो, हे माहीमने दाखवले. अधिकाराचा प्रश्न शब्दांच्या प्रश्नाहून खोल असतो.

१८८६ च्या करारानंतर पाद्रोआदोचे क्षेत्र आणखी आखडले. तेव्हा गोव्याचे फादर आंतोनियु फ्रान्सिश्कु शाव्हियर आल्व्हारिश यांनी जो मार्ग धरला, तो शंभर वर्षांनंतर लफेव्र यांनी धरलेल्या मार्गाच्या शेजारी ठेवून पाहावा असा आहे. आपल्या लोकांच्या परंपरागत हक्कांवर रोमने अन्याय केला, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी रोमची साथ सोडली आणि १८८९ मध्ये मलंकर ऑर्थोडॉक्स परंपरेत ‘मार युलियुस’ या नावाने बिशपपदाची दीक्षा घेतली. पुढे ते गोव्यात राहिले. पत्रकार म्हणून त्यांनी सत्तेचा रोष ओढवून घेतला, कॉलऱ्यावर पुस्तिका लिहिली, गरिबांची शुश्रूषा केली. १९२३ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा अधिकृत चर्चने ज्याला त्याज्य ठरवले होते, त्या माणसाला निरोप द्यायला गोव्याची माणसे आली. मुंबईतील दुहेरी अधिकारक्षेत्राचा घोळ १९२८ च्या करारापर्यंत चालला. तोवर एकाच वस्तीतील दोन चर्चे दोन वेगळ्या बिशपांच्या आज्ञेत असत.

आल्व्हारिश यांच्या चरित्रातून एक बोध निघतो. ज्याला आपण बंडखोर म्हणतो, त्याचा पहिला आग्रह अनेकदा जुन्याचे रक्षण करण्याचा असतो. आणि दुसरा बोध असा: रोमने त्यांच्या तक्रारीचा न्याय केला की नाही यापेक्षा, ती तक्रार ऐकून घेण्याची काही वाट होती की नाही, हे अधिक निर्णायक ठरले.

५

आता पुन्हा विसाव्या शतकाकडे वळू. २५ एप्रिल १९६९ रोजी रोमने भारतीय बिशपांच्या विनंतीवरून उपासनेतील बारा बदलांना मान्यता दिली. पादत्राणे बाहेर ठेवणे, जमिनीवर बसणे, गुडघे टेकण्याऐवजी हात जोडून नमस्कार वा पंचांग प्रणाम, मेणबत्त्यांऐवजी तेलाचे दिवे, जड वस्त्रांऐवजी उपरणे, धूप, पुष्पे आणि आरती, असे त्यांचे स्वरूप होते. बंगळूरच्या राष्ट्रीय केंद्राचे संचालक फादर डी. एस. अमलोर्पवदास हे या कार्याचे प्रमुख प्रवर्तक. महाराष्ट्रात पुण्याच्या शिवाजीनगर भागातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात सिस्टर सारा ग्रँट आणि वंदना माताजी यांनी १९७२ पासून अद्वैत चिंतन आणि ख्रिस्ती उपासना यांचा मेळ घालण्याचा जो प्रयत्न केला, त्याचे गांभीर्य विरोधकांनाही नाकारता आले नाही.

विरोध मात्र तीव्र झाला. बारा बदलांना मान्यता होती. पण मान्यता नसलेले तेरावे, चौदावेही काही ठिकाणी आले. मद्रासचे व्हिक्टर कुलंदई यांनी १९८५ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहून भारतीय चर्चचे ‘मूर्तिपूजकीकरण’ होत असल्याचा आरोप केला. त्यांच्या भाषेत अतिरेक होता, हे मान्य करूनही त्यांचा एक मुद्दा उरतोच: हे बदल कोणाला विचारून झाले? ज्या सामान्य कॅथलिक माणसाने इन्क्विझिशनच्या भीतीने, मिशनऱ्यांच्या उपदेशाने आणि पुढे स्वतःच्या निष्ठेने आरती, गंध, निरांजन यांपासून आपल्याला तोडून घेतले होते, त्याला एके रविवारी सांगण्यात आले की, आता हेच पवित्र आहे. त्याच्या आजीला ज्यासाठी दंड झाला, त्यासाठी त्याच्या नातीचे कौतुक होणार होते. त्याचा गोंधळ हा अज्ञानाचा गोंधळ नव्हता. तो स्मृतीचा गोंधळ होता.

दुसऱ्या बाजूने हिंदू टीकाकारही पुढे आले. सीताराम गोयल यांनी १९८८ च्या सुमारास ख्रिस्ती आश्रमांवर टीका करताना हा वेश म्हणजे धर्मांतराचा डाव असल्याचे म्हटले. अशा रीतीने एकच आरती परंपरावादी कॅथलिकाला शरणागती वाटली आणि हिंदुत्ववाद्याला आक्रमण. मध्ये उभ्या असलेल्या श्रद्धावान माणसाला ती प्रार्थना वाटत होती की नाही, हे दोघांनीही विचारले नाही.

फेब्रुवारी १९८६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल भारतात आले. गोवा आणि मुंबईलाही आले. या दौऱ्यात एक भारतीय स्त्री त्यांच्या कपाळी टिळा लावीत असल्याचे छायाचित्र जगभरच्या परंपरावादी नियतकालिकांत फिरले. पोपने शिवाचे चिन्ह धारण केले, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. आपल्याकडील कोणालाही हे वाचून हसू यावे. दारी आलेल्या पाहुण्याला कुंकू लावून ओवाळण्याचा हा रिवाज घरोघरचा आहे आणि ओवाळणारी स्त्री कॅथलिक होती. परंतु हसून सोडून देण्याइतका हा प्रसंग हलका नाही. १६१९ मध्ये गोव्यातील धर्मसभेपुढे नेमका हाच प्रश्न होता: कपाळावरचे चंदन हे धर्माचे चिन्ह की रीतीचे? साडेतीनशे वर्षांनी तोच टिळा खुद्द पोपच्या कपाळावर पोहोचला आणि प्रश्न जसाच्या तसा राहिला. फरक एवढाच की, तेव्हा निवाडा करणारा आता स्वतःच आरोपी झाला होता.

६

वसईचा विचार केल्याखेरीज हा आढावा पुरा होणार नाही. १९६५ नंतरच्या काही वर्षांत येथील चर्चमध्ये मिस्सा मराठी झाली. आपल्या संतपरंपरेत वाढलेल्या वाचकाला यातील न्याय्यता समजावून सांगण्याचे कारण नाही. देवाशी आपल्या भाषेत बोलण्याचा हक्क ज्ञानेश्वर-एकनाथांनी मिळवून दिला आहे. मराठी मिस्सेमुळे मराठी ख्रिस्ती वाङ्मयाला नवी उभारी आली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकातून आणि पुढे ‘सुबोध बायबल’मधून जे गद्य घडवले, त्याच्या मुळाशी रविवारी वेदीवरून ऐकू येणारी मराठीच आहे, २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. वसईचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी डॉक्टरेटसाठी तुकोबांच्या ईश्वरानुभवाचा अभ्यास केला, हेही याच प्रवाहाचे फलित. परंपरावादी लिखाणात लोकभाषेतील उपासनेचा उल्लेख सरसकट ऱ्हास म्हणून होतो. वसईची साक्ष त्या निष्कर्षाविरुद्ध जाते.

तरीही काही गमावले गेले, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. ज्या वृद्धांना लॅटिनचा अर्थ कळत नव्हता, त्यांना तिची चाल, तिचे मौन, घुमटाखालचा तिचा नाद पाठ होता. एका पिढीच्या कानातून तो नाद काढून घेतला गेला, तेव्हा त्यांना कोणी विचारले नाही. जसे १७३६ मध्ये ओव्या काढून घेताना त्यांच्या पणज्यांना कोणी विचारले नव्हते. पहिली कृती आपल्याला उदार वाटते आणि दुसरी क्रूर. आणि दोहोंत अंतर आहेच, कारण एकीमागे दंडसत्ता होती. पण पद्धत एकच होती. आज्ञा वरून आली. खालच्याने ती भक्ती म्हणून स्वीकारावी, अशी अपेक्षा राहिली.

म्हणूनच मला वाटते की, परंपरावाद्यांच्या वादातील ‘पोप जबाबदार की कारभारी?’ हा पर्यायच अपुरा आहे. उपासनेतील प्रमाद आज्ञेतूनही होतात, मौनातूनही होतात. ज्याच्याकडे अंतिम अधिकार आहे, त्याच्याकडे अंतिम उत्तरदायित्वही येते. ‘ध’चा ‘मा’ दुसऱ्याने केला हे सिद्ध झाले, तरी पत्र ज्याच्या नावाने गेले त्याची सुटका होत नाही. पण उत्तरदायित्व म्हणजे दोषारोप नव्हे. उत्तर देण्याची तयारी, हा त्या शब्दाचा सरळ अर्थ आहे. या कसोटीवर एक प्रसंग फार मोलाचा आहे. २४ फेब्रुवारी १९८० च्या आपल्या पत्रात पोप दुसरे जॉन पॉल यांनी, परिषदेच्या निर्देशांच्या एकांगी आणि चुकीच्या अंमलबजावणीमुळे ख्रिस्तप्रसाद-संस्काराबाबत श्रद्धावानांच्या मनाला जो धक्का बसला, त्याबद्दल स्वतःच्या आणि सर्व बिशपांच्या वतीने क्षमा मागितली. तिसऱ्या भूमिकेच्या लोकांनी हे वाक्य दुर्लक्षिले, कारण त्यांना पोपच नको होता. पहिल्या भूमिकेच्या लोकांनीही दुर्लक्षिले, कारण त्यांना चुकणारा पोप नको होता.

त्यानंतरचा इतिहासही लंबकासारखा आहे. ७ जुलै २००७ रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी जुन्या लॅटिन मिस्सेला व्यापक मुभा दिली आणि जानेवारी २००९ मध्ये १९८८ च्या चार बिशपांचा बहिष्कार उठवला. १६ जुलै २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी ती मुभा पुन्हा आखडली. जुन्या विधीचा आश्रय घेऊन काहींनी परिषदच नाकारली आणि एकता धोक्यात आणली, असे त्यांचे कारण होते. एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्सिस यांचे निधन झाले आणि ८ मे रोजी चौदावे लिओ निवडून आले. १६२३, १७४४ आणि १९४० हे आकडे ज्याच्या डोळ्यांपुढे आहेत, त्याला या हेलकाव्यांचे नवल वाटणार नाही. एका विधीतून दुसऱ्या विधीत जाणे सोपे. त्या विधीत आयुष्य घातलेल्या माणसाला बरोबर घेऊन जाणे अवघड.

‘क्रिस्तपुराणा’च्या पहिल्या तीन छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही ते काव्य आपल्यापर्यंत आले, ते हस्तलिखितांतून. ज्या काळात भाषाच नको असे फर्मान होते, त्या काळात कोणीतरी ते उतरवून घेत होते, वाचत होते, जपून ठेवत होते. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. ते पोपविरोधी नव्हते आणि परंपरावादी हा शब्दही त्यांना माहीत नसावा. आपली प्रार्थना आपल्या ओठांवर राहावी, एवढेच त्यांना हवे होते. उपासनेच्या शुद्धाशुद्धतेचा निवाडा करणाऱ्या प्रत्येकाने, मग तो रोममध्ये बसलेला असो वा रोमविरुद्ध उभा असो, आधी या अनामिक लेखनिकांपुढे उत्तर द्यायला हवे.